‘लस येतेय’ म्हणजे नक्की काय?

नमस्कार. काकांचं लिंगाच्या कर्करोगाचं ऑपरेशन मुंबईतच झालं. लिंगाचा पुढचा भाग काढला, मग दोन्ही जांघांतल्या गाठी. घरी आल्यावर चार दिवसांनी त्यांचा फोन, “अरे, लस येतेय.” मी गाडीत उभा होतो, मागे गर्दीचा आवाज. कसली तरी लस टोचायची असेल असं वाटून मी म्हटलं, “मग घेऊन टाका.” ते गप्प झाले.

दोन दिवसांनी लालबागला त्यांच्या खोलीवर गेलो. लेंगा उजव्या जांघेपाशी ओला, वर घडी घातलेला टॉवेल. काकूलासुद्धा दाखवलं नव्हतं. ते दोन दिवस माझ्यामुळे गेले, ही रुखरुख जात नाही. दोन्हींना एकच शब्द कसा?

प्रतिसाद:
शब्द एकच, आणि काकांचा अर्थ जुना. जखमेतून, फोडातून पाझरणारं पातळ पाणी ती लस. देवी टोचायची तीही मुळात फोडातलीच. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली आणि तिच्या फोडातल्या लशीवरून पुढच्या मुलांना. टोचायच्या पदार्थाला तेच नाव चिकटलं. आता फोड गेला, नाव उरलं. ‘लसीका’ हा पुस्तकी शब्दही याच घरातला, पण तो कुणाच्या तोंडी नसतो.

प्रतिसाद:
मी सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. पेशंट ‘लस’ म्हणतात, ‘पाणी’ म्हणतात, आणि दोन्ही बरोबर. पायाकडून वर येणारा हा द्रव जांघेतल्या गाठींतून जातो. गाठी काढल्या की वाट तुटते, म्हणून तो कातडीखाली साठतो किंवा टाक्यांतून झिरपतो. त्यासाठीच ड्रेन, म्हणजे साठलेलं पाणी बाहेर काढणारी नळी, ठेवतात. दिवसाला साधारण ३० ते ५० मिलीच्या खाली आल्यावर काढतात. इथे ‘नळी’ या शब्दाने फार घोळ होतो. लघवीची नळी वेगळी, ड्रेनची वेगळी. “नळी भरली” एवढंच कळवलं तर आम्हाला काहीच कळत नाही. कुठली, ते सांगाच.

पातळ पिवळसर आली तरी कळवायचं. घाण वास, ताप, जांघेची कातडी काळी पडणं, यात दिवस घालवायचा नाही. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, दम लागला तर त्याच पावली हॉस्पिटल.

प्रतिसाद:
आमच्या आजीच्या बोलण्यात ‘अवधाण’ होतं. पायाला काटा लागून चिघळला की जांघेत अवधाण यायचं. डॉक्टर ज्यांना लिम्फ नोड म्हणतात, त्याच या गाठी! काकांना “अवधाण येतं त्या गाठी काढल्या” असं सांगून बघा.

मूळ धागाकर्ता:
आजच सांगितलं. काका लगेच म्हणाले, “असं होय? मग पाय का जड होतो ते कळलं.” चाळीत एकाने त्याला हत्तीपाय म्हटलं होतं, तेव्हापासून ते संडासलाही रात्री उशिरा जायचे. सिस्टर, तुम्ही लिहिलेली तुटलेली वाटही त्यांना वाचून दाखवली. हत्तीपायातही हीच वाट बिघडते, पण तिथे कारण डासांतून येणारा जंतू असतो. एकमेकांना लागण्याचा प्रश्नच नाही, हे शेजाऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं.

मग बऱ्याच वेळाने, काकू खाली दूध आणायला गेल्यावर म्हणाले, “धार फाटते रे. पाय भिजतात.” लघवीचं तोंड आकसलं तरी धार अशी फाटते किंवा बारीक होते, आणि ते रुंद करता येतं. मी कागदाच्या मागे त्यांच्याच शब्दांत लिहिलं, ‘धार फाटते, उजवीकडे लस, पाय जड.’ ओपीडीत हाच कागद पुढे करणार आहे.