हायड्रोजनचा उत्प्रेरक कॉम्प्युटरवर सापडणार की टाकीत?

ऐरोलीकर: माझी पुतणी पीएचडी करतेय. विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, त्यासाठी स्वस्त उत्प्रेरक शोधतेय. कार्बनच्या थरात निकेलचा एकच अणू बसवला तर हायड्रोजन त्याला किती घट्ट धरेल, याची गणितं रात्रभर कॉम्प्युटरवर लावून ठेवते. फार घट्ट धरला तर सुटत नाही, सैल धरला तर बसतच नाही. प्लॅटिनमला हे नेमकं जमतं, पण भाव बघा! 2023 च्या हरित हायड्रोजन मिशनचे 19,744 कोटी, त्यात संशोधनाला फक्त 400. माझ्या मते हा आकडा लाजिरवाणा आहे.

रबाळेचा प्लेटिंगवाला: काका, पंचवीस वर्षं विजेने धातूचा मुलामा चढवायच्या टाक्या चालवतोय. आमच्याकडे हायड्रोजन फुकट निघतो आणि आम्ही त्याला शिव्या घालतो. निकेलच्या टाकीत जॉबवर, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूवर, बुडबुडा चिकटून राहिला की तिथे खड्डा पडलाच. मग बुडबुडा सुटावा म्हणून साबणासारखा वेटिंग एजंट घाला, जॉब हलवत ठेवा. तुमच्या गणितात बुडबुडा असतो का? पाण्यातलं लोखंड? आणि किलोभर हायड्रोजनला 39 युनिट वीज तर लागणारच, प्रत्यक्षात 50-55 जातात. अणू कितीही भारी आणा, वाचलं तर वरच्या दहा-पंधरातलंच वाचणार.

ऐरोलीकर: दहा युनिट थोडे वाटतात तुम्हाला? तुमच्या मोली ग्रीसमधली ती काळी पूड, मॉलिब्डेनम डायसल्फाइड. तिच्या कडांवर हायड्रोजन निघेल असं 2005 मध्ये डेन्मार्कमधल्या गटाने गणिताने सांगितलं. 2007 मध्ये प्रयोगात तेच दिसलं.

माजिवडा_केमिकल: एक उदाहरण सगळेच देतात. खोलीच्या तापमानाला ऊर्जेचं गणित 0.06 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) चुकलं की वेगात दहापट फरक पडतो, आणि या गणितांची नेहमीची चूकच 0.1 च्या घरात. शिवाय पाणी फोडताना विजेची मोठी गळती ऑक्सिजन निघतो त्या बाजूला आहे. पीईएम प्रकारात (पाणी फोडायचं पडदावालं यंत्र) तिथे इरिडियम हा दुर्मिळ धातू लागतो, जो जगभरात वर्षाला दहा टनही निघत नाही. पुतणीला म्हणावं, बाजू बदल. (मी स्वतः बदलली नाही, नोकरी धरली, तो भाग वेगळा.)

ऐरोलीकर: तिच्या गाइडचंही हेच मत आहे. पण मग गणित जास्त लागेल की कमी? इरिडियमला पर्याय एकेक धातू टाकीत बुडवून शोधायचा म्हटलं तर जन्म जाईल.

रबाळेचा प्लेटिंगवाला: तो मुद्दा मान्य. 400 कोटींचा नाही. तिने पास केलेला पत्रा हजार तास टाकीत ठेवून दाखवा, मग पैशाचं बोलू. टाकीला वीज पुरवणारा रेक्टिफायर माझा, वीजबिल तुमचं.