रत्नागिरीत स्वागत!
बदलीवर रत्नागिरीत येताय, घर मिळालंय, आता पुढे काय, असं विचारलंत. या, मनापासून स्वागत! मी पावसाळ्याचं सांगतो.

जूनआधी पन्हळी साफ करून घ्या. महावितरणचा १९१२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक दाराजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, रात्री दिवे गेले की शोधाशोध नको. रेल्वे स्टेशन शहराबाहेर आहे, शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं. निघण्याआधी वेळ पुन्हा बघा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा मिरकरवाड्यात, म्हणजे इथल्या मासेमारी बंदरात, ताजी सुरमई शोधू नका, खाडीची मासळी घ्या. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंत तर मासेवाली तुमच्याही दारात टोपली उतरवेल.