उपाशी माणसाची चोरी आणि हात तोडणं

“इस्लाममध्ये चोरी केली की हात तोडतात, गरीब-श्रीमंत काही बघत नाहीत” असं कुणीकुणी म्हणतं. इतकं सरळ नाही ते. कुराणात तशी आयत आहे (सूरह माइदा, 38), पण फकिहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी, तिला अटी घातल्यात: माल बंदोबस्तातला हवा, किंमत ठरावीक रकमेच्या वर हवी (हनफी या कायदेपंथात 10 दिरहम, म्हणजे चांदीची नाणी). झाडावर लटकलेल्या फळाला तर बहुतेकांच्या मते ही शिक्षा लागतच नाही.

आम्ही रावेरकडचे, केळीवाले. आबा म्हणायचे, झाडावर पिकलेली दोन केळी कुणी बांधावर बसून खाल्ली तर खाऊ द्या. घड खांद्यावर टाकला की बोंब मारा. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, जवळपास हाच फरक आहे. गरजूने तिथंच खाल्लं तर काही नाही, कपड्यात बांधून नेलं तर दंड.

आणि खलिफा उमर यांचा तो किस्सा! हातिब नावाच्या माणसाच्या गुलामांनी दुसऱ्याची सांडणी (उंटीण) चोरून कापली. हातिब त्यांना उपाशी ठेवतो हे कळल्यावर उमरनी हात तोडणं थांबवलं, आणि 400 दिरहमच्या सांडणीचे 800 हातिबकडूनच भरून घेतले. आपल्याकडे सालदाराच्या चोरीत मालकाला कुणी असं विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.