पीसीचा मदरबोर्ड बदलतोय, गेम्स वाचतील का?

२०१४ सालचा कोअर आय७-४७९० प्रोसेसर अकरा वर्षं वापरला. आता रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड आणि १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम घेतल्यात. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून ११ नव्याने टाकणार. गेम्स दुसऱ्या एसएसडीवर आहेत, ४०० जीबी. आमच्याकडचं नेट बघता पुन्हा डाउनलोड करणं अशक्य. काय करू?

उत्तर १: विंडोज टाकताना ती एसएसडी काढूनच ठेवा. माझ्या वेळी बूटचं पार्टिशन (डिस्कचा विंडोज सुरू करणारा भाग) दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसलं. पुढे ती डिस्क काढल्यावर पीसी सुरूच होईना. नंतर स्टीम या गेम्सच्या ॲपच्या स्टोरेज सेटिंगमध्ये तो ड्राइव्ह जोडा, गेम्स दिसतील. पण सेव्ह फाइल्स बऱ्याचदा सी ड्राइव्हवर, डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटामध्ये असतात. त्या आधी पेनड्राइव्हवर घ्या. माझी शंभर तासांची मेहनत अशीच गेली, अजून वाईट वाटतं.

उत्तर २: विंडोजचं लायसन्स ओईएम (पीसीसोबतच आलेलं) असेल तर ते जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं.

उत्तर ३: रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, डीडीआर५चं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं. घाबरून बटण दाबू नका.

प्रश्नकर्ता: झालं! स्क्रीन खरंच काळी होती, हात बटणापर्यंत गेला होता. उत्तर ३ आठवलं आणि थांबलो. सगळे गेम्स जागेवर आहेत. मनापासून आभार. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, आत्ताच चालू करू का?

उत्तर ३: करा. नाहीतर रॅम कमी वेगानेच चालेल.