अंडं रोज उशिरा, मग एक दिवस खाडा. इंजेक्शनचा उपयोग होईल का?

चाळीसगावहून प्रश्न
लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) 32 आठवड्यांच्या आहेत, खाद्य नीट खातात. एका कोंबडीच्या वेळा टिपल्या: सकाळी 7, साडेआठ, सव्वानऊ, दहा, दुपारी 12, आणि पुढच्या दिवशी अंडंच नाही. डिसेंबरपासून असे खाडे वाढलेत. संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं का? दिवे किती तास ठेवावेत?

जामनेरहून उत्तर
भाऊ, खाडा म्हणजे आजार नव्हे. अंडाशयातून बलक सुटल्यापासून अंडं बाहेर यायला 24 ते 26 तास लागतात. त्यातले 18 ते 20 तास एकट्या कवचाचे. अंडं घातल्यावर साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो, म्हणून वेळ रोज पुढे सरकते.

बलक सुटण्याआधी 4 ते 6 तास मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची लाट यावी लागते. सगळ्यात मोठा, पिकलेला बलक ज्या पिशवीत असतो ती प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडते, त्यानं एलएच वाढतं, एलएचनं आणखी प्रोजेस्टेरॉन. पण ही लाट रात्रीच्या 8 ते 10 तासांतच उठते. तुमच्या कोंबडीनं 12 वाजता अंडं घातलं. पुढचा बलक साडेबाराला सुटायचा, तर लाट सकाळी 7-8 ला हवी. तोवर ती वेळ टळलेली असते. बलक पिकूनही रात्रीची वाट बघत थांबतो.

इंजेक्शनच्या नादी लागू नका. प्रोजेस्टेरॉन अवेळी टोचलं तर पिकत आलेले बलक जिरून जाऊ शकतात.

नवापूरहून उत्तर
वरचं बरोबर, आता दिव्यांचं बघा. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा. लेअरला एकूण 16 तास उजेड द्या, पण दर आठवड्याला अर्धा तास या हिशेबानं वाढवत न्या. वाढवलेला उजेड पुन्हा कमी करायचा नाही. पहाटेचा भाग टायमरवर टाका, म्हणजे संध्याकाळी कोंबड्या मावळतीबरोबर आपसूक बसतात. उजेड कवटीतून थेट मेंदूत पोचतो आणि तांबूस उजेड जास्त आत जातो, म्हणून पिवळसर बल्ब चांगला.

घोळ होतो तो लोडशेडिंगमुळे. पहाटेची लाइट आज आहे, उद्या नाही, असं चाललं की दिवस लहान झाला असं कोंबडीचं शरीर धरून चालतं आणि अंडी घटतात. इन्व्हर्टर लावाच. रात्रभर दिवा ठेवणं मात्र चूक: अंधार मिळालाच नाही तर लाटेची वेळच ठरत नाही, अंडी कधीही पडतात.

आणि कवच रात्री चढतं, तेव्हा शिंपल्याचा जाड चुरा संध्याकाळच्या खाद्यातच द्या.

चाळीसगावहून
टायमर लावतो, दादा. गावरान खुडूक बसते तेही यातलंच का?

जामनेरहून
तिथं प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि एलएच दबतं. अंड्यांवर बसून पोटाला ऊब लागत राहिली की प्रोलॅक्टिन चढंच राहतं. खुरड्यातून काढून जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात 3-4 दिवस ठेवा, खालून वारा लागला पाहिजे. दाणा-पाणी तोडू नका.