इअरबड्सचा आवाज बसला: दोष खाऱ्या हवेचा की कानातल्या मळाचा?

(खाडीपट्टा, सड्यावरचा आणि गजाली अशा टोपणनावांच्या तिघांचा हा वाद.)

खाडीपट्टा: श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत बड्स खराब होतात ते खाऱ्या हवेने, असं माझं मत आहे. खोक्यावरचं आयपीएक्स७ हे पाण्यापासून बचावाचं रेटिंग म्हणजे गोडं पाणी, १ मीटरपर्यंत खोल, ३० मिनिटं. त्या चाचणीत मीठ नसतं. शिवाय ते रेटिंग बड्सचं, चार्जिंग केसला बहुधा ते नसतंच. घामेजलेले बड्स तसेच केसमध्ये टाकले की चार्जिंगच्या पिना हिरवट पडतात. वापर झाला की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने, १५ मिनिटं उघड्यावर ठेवा आणि मगच केसमध्ये ठेवा. पावसाळ्यात रात्री केस ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात.

सड्यावरचा: सगळं हवेच्या माथी नको. पिना गंजल्या तर बड चार्ज होणार नाही, बंद पडेल. आवाज *हळू* का होईल? एकाच बाजूचा आवाज बसलाय तर आधी रबरी टिप काढा आणि बड उजेडात तिरका धरा. जाळीवर पिवळट, मेणचट थर दिसला की चोर सापडला. जाळीचं तोंड जमिनीकडे ठेवून कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच घासा. तोंड वर ठेवलंत तर भुगा आत जातो. चिकट राहिलं तर कापसाच्या काडीला (तिलाही आपण इअरबडच म्हणतो, काय करणार!) आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावा, थेंब गळता कामा नये. टाचणी अजिबात नको, जाळी फाटली की मळ थेट आत. टिपा मात्र साबणाच्या पाण्यात खुशाल धुवा, पूर्ण वाळल्यावरच चढवा.

आणि बास, म्हणजे गाण्यातला खालचा घुमणारा आवाज, गेला असेल तर टिपेचं माप बदला. फट राहिली की सगळ्यात आधी बासच गळतो.

गजाली: दोघेही बड घासत बसा. आवाज *कधी* बिघडतो ते कोण विचारणार? गाणी छान, पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की डब्यातून बोलल्यासारखं, हा मळ नाही. बडचा माइक चालू झाला की नेहमीचं ब्लूटूथ हँड्सफ्री प्रोफाइलवर, म्हणजे कॉलसाठीच्या मोडवर जातं: मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज), सॅम्पलिंग फक्त ८ किंवा १६ किलोहर्ट्झ, म्हणून आवाज बसका. साउंड सेटिंगमध्ये इनपुटला लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आउटपुट बड्सच ठेवा. अँड्रॉइडवर एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त तपशिलाने गाणी पाठवणारा कोडेक) ९९० केबीपीएसवर ठेवून गर्दीत आवाज तुटत असेल तर सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’च्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ३३० वर आणा. एक बाजू हळू असेल तर ब्रश हातात घेण्याआधी अ‍ॅक्सेसिबिलिटीतला ऑडिओ बॅलन्स मध्यावर आहे का ते बघा. १० सेकंदांचं काम.

खाडीपट्टा: कॉलचं मान्य. पण सड्यावरचे, 'हळू का होईल' याचं उत्तर घ्या. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? तेच जाळीत होतं. घाम वाळतो, मीठ उरतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि बारीक भोकांवर पाण्याचा पापुद्रा बसून आवाज अडतो. खूण सांगतो: डब्यात रात्रभर ठेवून सकाळी स्वच्छ, फिरून आल्यावर बसका, तर ओल. दोन्ही वेळा सारखाच बसका, तर तुमचा मळ. खारो वारो कोणाक सोडणा नाय!

सड्यावरचा: खूण चांगली आहे, वापरेन. पण ओल आणि मळ दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे ब्रश पहिला. ओल काढायला बड्स तांदळाच्या डब्यात पुरण्याची आयडिया मात्र कोणी देऊ नका. पिठूळ धूळ जाळीत बसते. हेअर ड्रायरही नको, बडचे दोन भाग डिंकाने जोडलेले असतात.

गजाली: बॅलन्स बघितलात का?