एस्तरहाझी घराणं : पैसा आला कुठून?

कुणीकुणी म्हणतं की एस्तरहाझी हे हंगेरीतलं सरदार घराणं संगीतकार हायडनमुळे मोठं झालं, तर उलटं आहे हो, हायडन 1761 मध्ये त्यांच्याकडे नोकरीला लागला तेव्हा ही मंडळी आधीच गडगंज होती. खरी सुरुवात मिक्लोश एस्तरहाझीची (1582–1645). साध्या सरदार घरातला माणूस, प्रोटेस्टंट होता तो कॅथलिक झाला, हंगेरीचा राजाही असलेल्या हॅब्सबर्ग बादशहाची बाजू कधी सोडली नाही आणि लग्नं दोन केली, दोन्ही श्रीमंत विधवांशी! पहिलीकडून मुंकाचची जहागीर आली, 1622 मध्ये तहाच्या गडबडीत ती सोडावी लागली पण बदल्यात आयझेनश्टाट आणि फोर्खटेनश्टाइन (दोन्ही आज ऑस्ट्रियात) पदरात पडलं. 1625 ला थेट पॅलाटिन, म्हणजे राजाच्या खालोखालचं पद.

मग 1652 मध्ये वेझेकेनला तुर्कांशी चकमक झाली त्यात एकाच दिवशी घरातले चार जण गेले, मिक्लोशचा मुलगा लास्लोसुद्धा, आणि सगळं ओझं त्याच्या सतरा वर्षांच्या धाकट्या भावावर, पालवर आलं. त्याने त्याच वर्षी सावत्र भावाच्या मुलीशी, ओर्शोयाशी लग्न केलं, कारण उघड आहे, इस्टेट बाहेर जायला नको (आपल्याकडे मामाची मुलगी करतात, इथे तर सख्खी नसली तरी पुतणीच). 1687 मध्ये हाच पाल प्रिन्स झाला, वर संगीतही रचायचा.

हायडनचं म्हणाल तर करारात गणवेश घालायचा आणि रोज हुकूम विचारायला हजर राहायचं असं स्पष्ट लिहिलं होतं. नोकर तो नोकरच.